पहिल्याच महिन्यात भिशी लागलेली बाई पळून का जात नाही?

आमच्या कोथरूडच्या बिल्डिंगमध्ये दर महिन्याच्या १० तारखेला संध्याकाळी भिशी असते. १२ बायका, प्रत्येकी २ हजार, म्हणजे महिन्याला २४ हजार जमतात आणि जिची चिठ्ठी निघेल ती ते घरी नेते. चिठ्ठ्यांसाठी स्टीलचा एक डबा ठरलेला आहे, झाकणावर "यांजकडून सप्रेम भेट" एवढंच आता वाचता येतं, कुणाकडून ते नाव झिजून गेलंय. चिठ्ठी उचलायला ज्यांच्या घरी भिशी त्यांच्याकडचं सगळ्यात लहान पोर. मग साबुदाणा वडे, चहा आणि भिशीपेक्षा जास्त वेळ चालणाऱ्या गप्पा.

मध्यंतरी माझा मामेभाऊ आला होता, हिंजवडीत असतो, एमबीए वगैरे झालेला. वडा खाताखाता त्यानं आईला विचारलं, "आत्या, जिला पहिल्याच महिन्यात २४ हजार मिळाले तिने पुढचे ११ महिने पैसे भरायचेच कशाला? कागद नाही, सही नाही, कोर्टात कुणी जाणार नाही. सरळ २२ हजारांचा फायदा आहे." आई म्हणाली, "अरे, असं करतं का कुणी!" आणि चटणी वाढायला निघून गेली. तिच्या लेखी विषय संपला.

मला मात्र तो प्रश्न चिकटून बसला, कारण पुस्तकी हिशोबानं भाऊ बरोबर बोलत होता आणि प्रत्यक्षात आई. त्यात २०२५ चं अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, त्यातला निम्मा वाटा जोएल मोकीर या आर्थिक इतिहासकाराला मिळाला, आणि औद्योगिक क्रांती युरोपातच आधी का झाली याचं उत्तर शोधताना हा माणूस तिथल्या लोकांच्या समजुती, कुतूहल, ज्ञान एकमेकांना उघडपणे सांगायची सवय, असल्या गोष्टींबद्दल बोलतो. पैशाच्या शास्त्रात हे संस्कृतीचं प्रकरण कुठून आलं, असं बऱ्याच जणांना वाटलं असणार. तर तेच जरा सोपं करून सांगते, भिशीच्या डब्यापासूनच.

## पुस्तकातला हिशोबी माणूस

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एक माणूस राहतो. त्याला स्वतःचा फायदा बरोबर कळतो, तो कायम तोच बघतो, आणि तो पुण्यात असो की पेरूत, सारखाच वागतो. त्याला आपण हिशोबी माणूस म्हणू. भाव वाढला की तो कमी घेतो, व्याज वाढलं की जास्त साठवतो. बऱ्याच बाबतीत खरंच आपण असे वागतो, त्यामुळे हा माणूस अगदीच खोटा नाही.

पण १९८२ मध्ये वेर्नर ग्यूट आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी जर्मनीत एक साधा खेळ करून बघितला. समजा मी तुम्हाला १,००० रुपये दिले आणि म्हटलं की यातले काही शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला द्या, किती ते तुम्ही ठरवा. तो हो म्हणाला तर दोघांना आपापला वाटा, नाही म्हणाला तर कुणालाच काही नाही. डाव एकदाच. हिशोबी माणूस १० रुपये पुढे करेल आणि समोरचा हिशोबी माणूस ते घेईल, कारण शून्यापेक्षा १० बरे. प्रत्यक्षात लोक निम्म्याच्या आसपास देतात, आणि फार कमी दिले तर समोरचा चक्क नाही म्हणतो, ठेव तुझे पैसे, मला नको आणि तुलाही नको. तुळशीबागेत भाव पटला नाही म्हणून तावातावानं निघून गेलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

तेव्हा सगळ्यांना वाटलं की चला, माणूस मुळातच न्यायप्रिय आहे. मग १९९० च्या दशकात जोसेफ हेन्रिक नावाचा तरुण मानववंशशास्त्रज्ञ हाच खेळ घेऊन पेरूच्या जंगलात गेला. तिथले माचिगेंगा लोक कुटुंबाकुटुंबानं विखुरलेले राहतात, अनोळखी माणसाशी व्यवहार फारसा नसतो. त्यांनी सरासरी २६ टक्केच दिले. आणि घेणाऱ्यांनी ते मुकाट घेतले, २१ पैकी एकच जण नाही म्हणाला. त्यांना त्यात अन्याय वगैरे दिसलाच नाही, त्यांचं म्हणणं एवढंच की आपलं नशीब वाईट, आपण दुसऱ्या बाजूला आलो. लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यांचा त्याच खेळातला आकडा होता ४८ टक्के.

मग १२ देशांतल्या अशा १५ छोट्या समाजांत तो खेळ खेळला गेला. इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे लोक देवमाशाची शिकार करतात, होडीत डझनभर माणसं लागतात आणि कुणाला कुठला तुकडा हे आधीपासून ठरलेलं असतं. त्यांनी सरासरी निम्म्याहून जास्त दिलं. पापुआ न्यू गिनीतल्या औ आणि ग्नौ लोकांनी तर अजबच केलं, निम्म्याहून जास्त देऊ केलं तरी काही जण नाही म्हणाले! फुकट पैसे नाकारले. वेडेपणा वाटतो ना? आता तुमच्या घरातली आहेराची वही आठवा. कुणी किती दिलं ते त्यात लिहिलेलं असतं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं, वर थोडं घालून, परत करायचं असतं. एखाद्यानं उगाच ५,००० चं पाकीट दिलं तर आनंदाआधी पोटात गोळा येतो की नाही. त्या लोकांचं तेच झालं, मोठी भेट म्हणजे मोठं देणं, आणि देणाऱ्याच्या हाताखाली जाणं.

थोडक्यात पुण्यातला हिशोबी माणूस आणि पेरूतला हिशोबी माणूस एक नाहीत. दोघंही हिशोब करतात, पण कशाची किंमत किती धरायची हे त्यांना त्यांच्या त्यांच्या लोकांनी शिकवलेलं असतं.

## सुरणाला आमसूल का लावतात

हे शिकवणं पिढ्यान्‌पिढ्या कसं चालतं, बदलतं आणि टिकतं याच्या अभ्यासाला सांस्कृतिक उत्क्रांती म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट स्वयंपाकघरातली आहे.

सुरणाची भाजी करताना आपण आमसूल किंवा चिंच घालतो, अळूच्या वड्यांनाही चिंच लागतेच. का? "नाहीतर खाजतं." का खाजतं? त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात ते घशाला टोचतात, आंबटानं तो त्रास कमी होतो. पण आजीला ऑक्झलेट कुठं माहीत होतं? तिनं तिच्या सासूचं बघून केलं, सासूनं तिच्या. कधीतरी कुणीतरी आंबट घातलं, घसा वाचला, ते बघून इतरांनी घातलं, आणि ज्यांनी नाही घातलं त्यांच्याकडची भाजी कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही.

उत्क्रांतीला तीनच गोष्टी लागतात: लोक एकच काम वेगवेगळ्या तऱ्हेनं करतात, एकमेकांचं बघून करतात, आणि काही तऱ्हा दुसऱ्यांपेक्षा जास्त टिकतात. डार्विननं हे प्राण्यांच्या शरीराबद्दल सांगितलं. १९८१ मध्ये काव्हाली-स्फोर्झा आणि फेल्डमन या संशोधकांनी, आणि १९८५ मध्ये बॉइड आणि रिचर्सन या जोडीनं चालीरीतींसाठी हेच गणितात बसवलं. मोठा फरक असा की रंगरूप आईबापांकडूनच मिळतं, पण रीत मैत्रिणीकडून, शेजारणीकडून, सिरियलमधूनही उचलता येते, म्हणून ती फार वेगानं पसरते. यूपीआय बघा ना, मंडईतल्या भाजीवालीला कुणी क्लासला पाठवलं होतं का, शेजारच्या गाळ्यावर बोर्ड लागला म्हणून हिनं लावला.

आणि माणूस नकलेत इतका पुढे आहे की कधीकधी चिंपांझी हुशार वाटावा. २००५ मध्ये व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन या संशोधकांनी चिंपांझींना आणि लहान मुलांना एका खोक्यातून खाऊ काढून दाखवला, मुद्दाम दोनचार बिनकामाच्या क्रिया मध्ये घालून. खोकं पारदर्शक होतं तेव्हा चिंपांझींनी बिनकामाचं सरळ गाळलं आणि खाऊ काढला. तीनचार वर्षांच्या मुलांनी सगळंच्या सगळं केलं, काडीनं टकटक वगैरे. मुलं बावळट म्हणून नाही. आपल्या जगात बऱ्याच गोष्टींचं कारण दिसत नाही, आमसूलाचंही दिसत नव्हतं, तेव्हा आधी जसंच्या तसं करावं हेच शहाणपणाचं ठरत आलंय.

## भिशीचे नियम कुणी लिहिले

कुणीच नाही. मी आईला खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर आले. नव्या बाईला पहिले काही नंबर मिळत नाहीत, तिच्या नावाची चिठ्ठी शेवटच्या दोनतीन महिन्यांतच टाकायची. जिनं तिला आणलं ती तिची जबाबदार, म्हणजे हिनं बुडवलं तर तिनं भरायचे. भिशी चालवणारीला पहिला नंबर, कारण एखादीचे पैसे उशिरा आले तर ती पदरचे घालते. पैसे चिठ्ठी निघायच्या आधी द्यायचे, नंतर नाही. आणि यायचंच, पैसे पाठवून दिले असं चालत नाही, बाहेरगावी असाल तर जावेला नाहीतर मुलीला पाठवा.

"का पण?" "असंच असतं भिशीत."

मला विचाराल तर हे सगळं सुरणाच्या आमसूलासारखं आहे. एकेक नियम म्हणजे भावानं विचारलेल्या प्रश्नाचं एकेक उत्तर आहे. पळून जाण्यात सगळ्यात जास्त फायदा पहिल्या नंबरला, म्हणून तिथं अनोळखी बाई येऊच द्यायची नाही. ज्या भिशीत हा नियम नव्हता ती कधीतरी फुटली असणार, फुटलेल्या भिशीची बातमी माहेरापर्यंत जाते, आणि चांगल्या चाललेल्या भिशीतली बाई बदली होऊन दुसऱ्या गावी गेली की तिथं तिच्याच पद्धतीनं नवी सुरू करते. अशा शेकडो भिश्या फुटून आणि टिकून जे उरलं ते आईच्या डोक्यात आहे, आणि कारण तिला ठाऊक नाही, ठाऊक असायची गरजही नाही.

गंमत म्हणजे ही फक्त आपली नाही. इंडोनेशियात हिला आरिसान म्हणतात, इथिओपियात इकुब, मेक्सिकोत तांदा, नायजेरियात योरुबा लोकांत एसुसू. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञानं १९६२ मध्येच जगभरच्या भिश्यांवर लिहिलं होतं. सगळ्यांनी एकमेकींकडून नक्कल केली असं म्हणवत नाही, बहुतेक ठिकठिकाणी आपापली घडली असावी, जसं मासा आणि डॉल्फिन यांचं नातं लांबचं पण पाण्यात पोहायचं म्हटल्यावर आकार सारखाच येतो. जपानात तर मुजिन नावाच्या तिथल्या भिशीच्या कंपन्या झाल्या आणि १९५१ च्या कायद्यानंतर त्यातल्या बऱ्याचशा रीतसर बँका बनल्या.

## भिशीच्या बाहेर, अनोळखी लोकांत

भिशी १२ बायकांत चालते, १,२०० जणींत नाही चालणार. बाजार मात्र अनोळखी लोकांवरच चालतो. हेन्रिक आणि मंडळींना त्या १५ समाजांत एक धागा सापडला, ज्या समाजाचा रोजचा व्यवहार बाजाराशी जास्त त्या समाजातले लोक अनोळखी माणसाला जास्त बरोबरीनं देतात. आपला नेहमीचा समज उलटा असतो ना, बाजारानं माणूस स्वार्थी होतो. इथं दिसलं की ज्यांना परक्याशी देवघेव करायची सवय आहे त्यांच्यात परक्याशी नीट वागायची रीतही रुजलेली असते. बाजारामुळे रीत आली की रीत होती म्हणून बाजार आला यावर अजून भांडणं चालू आहेत, दोन्ही थोडं थोडं असावं.

रीत आणि व्यवस्था एकमेकींपासून तुटल्या की काय होतं याचं उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. १२ मे १८७५, गाव सुपे, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जाचे कागद आणि वह्या जाळल्या, मग ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत पसरलं. आधीही सावकार होतेच, आणि काही फार दयाळू होते असं नाही, पण गावात राहायचं तर शेतकऱ्याला पार बुडवून चालत नसे. इंग्रजांची कोर्टं आली आणि कागदावरचा अंगठा गावच्या लाजेपेक्षा मोठा झाला. त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळी कापसाला सोन्याचा भाव आला होता, युद्ध संपल्यावर तो पडला, कर्ज तेवढंच राहिलं. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला एकच. पण सहकारी साखर कारखाना म्हटलं की महाराष्ट्रच डोळ्यांपुढे येतो, उत्तर प्रदेशात ऊस भरपूर आणि कारखानदारी मात्र मुख्यतः खाजगी. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. तो चालला, तो बघून शेजारच्या तालुक्यानं काढला, मग त्याच्या शेजारच्यानं. नक्कलच ती. (पुढे त्यातल्या काहींचं काय झालं ते तुम्ही पेपरात वाचताच, नक्कल राजकारणाचीही होते.) कायदा एका फटक्यात सगळीकडे लावता येतो, तो वापरायची रीत मात्र अशी शेजारून शेजारी चालत जाते.

## "आम्ही विचार करूनच वागतो की"

वागतो ना. कुणी नाही म्हणत नाही. पण फ्लॅट घेताना कर्जाचा हप्ता किती झेपेल याचा हिशोब एक्सेलमध्ये मांडणारा माणूस "स्वतःचं घर हवंच" हे एक्सेलमध्ये मांडत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. विचार करायलाही वेळ आणि चुका लागतात, म्हणून आपण काही झटपट नियम वापरतो: बहुतेक जण करतात ते कर, किंवा यशस्वी माणूस करतो ते कर. दुसऱ्या नियमात एक फसगत आहे. यशस्वी माणसाच्या यशाचं कारण नेमकं कोणतं ते दिसत नाही, म्हणून त्याचं सगळंच उचललं जातं. शेठच्या मुलीच्या लग्नात पाच दिवस कार्यक्रम होते, ड्रोन होता, म्हणून आपल्याकडेही ड्रोन. शेठ ड्रोनमुळे श्रीमंत झालेला नसतो हो.

## "म्हणजे जे टिकलं ते चांगलंच?"

अजिबात नाही, आणि इथंच बरेच लोक घसरतात. टिकणं म्हणजे पसरत राहणं, बस. हुंडा टिकला, कायद्यानं १९६१ मध्ये बंदी आली तरी टिकला, कारण एकट्यादुकट्या घरानं तो सोडायचा म्हटलं तर त्याच घराला झळ बसते. सगळ्यांना नकोशी वाटणारी रीतही सगळे पाळतात म्हणून चालू राहते. अशा रीती एकेकट्याला उपदेश करून फारशा हलत नाहीत, बऱ्याच जणांनी एकदम आणि उघडपणे सोडल्या तर हलतात.

आणि "अमक्या समाजाच्या रक्तातच धंदा आहे" हे जे आपण सहज बोलून जातो त्याच्याशी याचा काही संबंध नाही, हे त्याच्या उलट आहे. रक्तात असतं तर बदललं नसतं. शिकलेलं आहे म्हणूनच तीनचार पिढ्यांत पार पालटतं, आणि कुणाला काय शिकायची मुभा होती, कुणाला गावकुसाबाहेर ठेवलं होतं, हेही त्यात आलं.

## "पुरावा काय, की नुसत्या गोष्टी?"

रास्त शंका आहे, कारण कशालाही संस्कृती म्हणून मोकळं होता येतं. म्हणून संशोधक एक युक्ती करतात, परिस्थिती सारखी करून बघतात. उदाहरणार्थ नांगर. एस्टर बोसरप या डॅनिश बाईंनी १९७० मध्ये म्हटलं होतं की जिथं कुदळी-फावड्यानं शेती व्हायची तिथं बायका शेतात बरोबरीनं राबत, नांगराला दांडगी ताकद लागते, त्यामुळे नांगर आला तिथं शेत पुरुषांचं आणि घर बायकांचं अशी वाटणी झाली. २०१३ मध्ये अलेसिना, जुलियानो आणि नन या तिघांनी आकडे लावून बघितले आणि ज्यांचे पूर्वज नांगर वापरायचे त्या समाजांत आजही बायका घराबाहेर काम कमी करतात असं निघालं. आता कुणी म्हणेल की त्या देशांचे कायदे वेगळे, नोकऱ्या वेगळ्या. म्हणून त्यांनी अमेरिकेत आणि युरोपात स्थायिक झालेल्या परदेशी लोकांची मुलं अभ्यासाला घेतली. कायदा तोच, बाजार तोच, आयुष्यात कुणी नांगर बघितला नसेल, तरी पूर्वजांच्या शेतीचा माग त्यांच्यात दिसला.

सगळं यानंच ठरतं असं नाही. पण दिसतं, मोजता येतं, एवढं तरी म्हणता येतं.

## जुना डबा, नवा फोन

रीत एका जगासाठी घडते आणि जग बदललं तरी काही काळ चालूच राहते. सोनं घ्या. बँक लांब, सावकार जवळ, आणि बाईच्या हक्काचं म्हणावं असं दुसरं काहीच नाही, अशा दिवसांत अंगावरच्या बांगड्या हा तिचा खरा आधार होता. आता बँक फोनमध्ये आहे, २०२५ मध्ये तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेला, तरी पाडव्याला लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नसते. हिशोबी माणूस घडणावळ धरून हिशोब करेल आणि डोकं खाजवेल.

उलटंही होतं, रीतीतलं बिनकामाचं वाटणारं काहीतरी आपण काढून टाकतो आणि मग कळतं की ते कामाचं होतं. भावानं त्या दिवशी सुचवलंच, आत्या, हे जमणं कशाला, ग्रुप करा, जीपे करा, नंबर ॲपवर काढा. आमच्या ओळखीतल्या एका बाईंच्या वाकडच्या सोसायटीत नेमकं तेच केलं होतं. २० जणी, निम्म्या एकमेकींना फक्त डीपीवरून ओळखणाऱ्या. पाचव्या महिन्यात दोघींचे पैसे आले नाहीत, सहाव्यात एक ग्रुपमधून लेफ्ट झाली, घर भाड्याचं होतं ते सोडून गेली. साबुदाणा वड्याचा खर्च वाचला होता, पण दर महिन्याला एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं तेही वाचलं होतं.

हे सगळं आईला सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, मग म्हणाली एवढं डोकं लावतेस तर घाल ना या वर्षीपासून पैसे. घातले. मला वाटलं, भिशी आईच चालवते म्हटल्यावर माझी चिठ्ठी पहिल्या महिन्यापासून डब्यात असेल. खालच्या काकूंनी वहीत माझं नाव लिहिलं, पुढे ११ चा आकडा घातला, आणि माझ्यासमोर वड्यांची ताटली सरकवत म्हणाल्या, "नवीन आहेस ना गं."